टेकडीवरचे तीन पावसाळे

पहिल्या वर्षी आम्ही घाणेरीची (लँटानाची) झुडपं जमिनीलगत कापली. नऊ माणसं, चार रविवार, कोपरापर्यंत ओरखडे. मे संपता संपता टेकडीची पूर्वेची बाजू मोकळी दिसायला लागली, तेव्हा मला इतका आनंद झाला की तिथे उभ्या उभ्याच मी धाकट्या बहिणीला पुण्याला फोन लावला. दिवाळीनंतर पुन्हा वर गेलो. जिथे एक खोड होतं तिथे सहा-सात फुटवे, कमरेएवढे, फुलांवर आलेले. आणि त्याच बाजूची पायवाट, जी आधी नुसती खडबडीत होती, तिच्या मधोमध गुडघाभर खोल घळ पडलेली.

या दोन गोष्टी एकाच कारणाने झाल्या हे कळायला मला पुढचे दोन पावसाळे लागले. गावाजवळच्या टेकडीसाठी काही करावं असं वाटणारी माणसं मला बरीच भेटतात, आणि बहुतेक जण कोयता घेऊनच सुरुवात करतात. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

टेकडी इंदूरच्या दक्षिणेला, खंडवा रोडने सिमरोलच्या बाजूला. वनखात्याची जमीन, पण दिवसा लोकांना फिरायला मोकळी. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे कुणीतरी तिची रील टाकली आणि एकाच रविवारी एवढी माणसं आली की पायवाटेला दोन्ही बाजूंनी नव्या वाटा फुटल्या. त्या बुजवण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला. हवा स्वच्छ असली की वरून रालामंडल दिसतं. ते होळकरांचं शिकारगाह, १९८९ साली अभयारण्य झालं, आणि इंदूरच्या मराठी घरांतली बहुतेक मुलं कधी ना कधी तिथे सहलीला जाऊन आलेली असतात. आमच्या टेकडीवर वाडा नाही, देऊळ नाही. पळस आहे, धावडा आहे, सालई आहे, थोडा खैर, थोडा साग, आणि उत्तरेच्या अंगाला अजून शाबूत राहिलेलं गवत आहे. मी राजेंद्र नगरात राहते. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा गुडघे ठीक होते आणि रविवार मोकळे होते. सकाळच्या फिरण्यातल्या ओळखींमधून आमचा गट जमला.

परवानगी काढायला तीन महिने गेले. ते योग्यच होतं, असं आज वाटतं. अटी मोजक्या होत्या: बीटगार्ड, म्हणजे वनखात्याचा रक्षक, बरोबर असल्याशिवाय हत्यार चालवायचं नाही, एकही लाकूड बाहेर न्यायचं नाही, काहीही जाळायचं नाही, आणि विचारल्याशिवाय एकही रोप लावायचं नाही. शेवटची अट आमच्यातल्या काहींना जाचक वाटली होती. आम्ही जंगल वाचवायला निघालो होतो, रोप लावायला परवानगी कसली? त्याचं उत्तर पुढे आपोआप मिळालं.

फुटव्यांचा तो प्रकार पाहून बीटगार्ड भियांनी (भिया म्हणजे आमच्या इंदूरकडचं 'भैया') आम्हाला एका झुडपापाशी बसवलं. ते जवळच्याच गावचे, बोलायला कमी. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरी काढायची एक पद्धत बसवली आहे, तिचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं होतं. घाणेरीचे फुटवे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीतून येतात. ती गाठ जमिनीत राहिली, तर वरून कितीही कापा, छाटणी केल्यासारखं झाड जोमाने फुटतं. आम्ही तेच केलं होतं. चार रविवार घाणेरीची उत्तम छाटणी.

त्यांनी काय केलं ते नीट सांगते. एकाने दुबेळक्याच्या लांब काठीने फांद्या एका बाजूला रेटून धरल्या, कारण त्याशिवाय बुंध्यापर्यंत हातच पोचत नाही. फांद्यांवर उलटे बारीक काटे असतात आणि पानं चुरगळली की तो उग्र वास दिवसभर हाताला राहतो. मग बुंध्याभोवतीची माती हाताने आणि खुरप्याने सारली. दोन-तीन बोटं खाली गेल्यावर सालीचा रंग बदलतो, वरचं करडं खोड संपून पिवळसर मूळ सुरू होतं. तिथे गेंतीच्या (कुदळीच्या) चपट्या पात्याने दोन घाव. तिसऱ्याला 'कट्' असा कोरडा आवाज आला आणि अख्खं झुडूप हातात आलं. ते त्यांनी उलटं केलं, मुळं आभाळाकडे, आणि शेजारच्या झुडपाच्या डोक्यावर ठेवून दिलं. जमिनीला फांदी टेकली तर ओलाव्यात तिला पुन्हा मुळं फुटतात, म्हणून उलटं. दहा-बारा दिवसांत ते वाळून कोळ झालं.

हे सगळं फळं धरायच्या आत करायचं. हिरव्या फळांचे घोस काळे झाले की बुलबुल येतात, आणि मग बी कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखालची जमीन दर पावसाळ्यात तपासावी लागते. तीन वर्षं तरी. गावातले लोक हिला राईमुनिया म्हणतात. इतकं गोड नाव आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कलकत्त्याच्या उद्यानात आणली. मूळची ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. गुरं तिची पानं खात नाहीत, खाल्ली तर विषबाधा होते. त्यामुळे चराईच्या जमिनीवर बाकी सगळं खाल्लं जातं आणि ही तेवढी उरते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पायवाटेला हात घातला. गटात एक काका आहेत, रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलेले सिव्हिल इंजिनियर. ते म्हणाले, आधी पाऊस पडू दे, भर पावसात एकदा वर चला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण रेनकोट घालून गेलो, आणि त्या दीड तासात मी जे शिकले ते नंतर कधी विसरले नाही. पायवाट म्हणजे नाला झाली होती. टेकडीच्या अंगावरून येणारं पाणी ठिकठिकाणी वाटेत उतरत होतं आणि एकदा उतरलं की बाहेर पडायला त्याला जागाच नव्हती, कारण वर्षानुवर्षं पावलांनी वाट दबून कडेपेक्षा खाली गेली होती. इंदूरला वर्षभरात साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत, आणि त्यातही काही दिवस एकदम झोडपून काढतो. वरचा मुरूम वाहून जातो, खालची काळी माती लोण्यासारखी होते. लोक चिखल टाळायला कडेने चालतात. कडेचं गवत मरतं, वाट रुंदावते, पाण्याला आणखी मोठं पात्र मिळतं.

उपाय साधा आहे, फक्त नेटका करावा लागतो. वाटेवर ठरावीक अंतराने तिरपी नाली काढायची, खालच्या बाजूला दगड घट्ट बसवायचे, आणि पाणी उताराच्या बाजूला बाहेर सोडायचं. काटकोनात आडवी काढली तर पाणी थबकतं, गाळ टाकतं आणि दोन मोठ्या सरींनंतर दगडांवरून उडी मारून पुढे जातं. तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरपी ठेवली तर तेच पाणी स्वतःचा गाळ वाहून नेतं. चढ जास्त असेल तिथे पंधरा-वीस पावलांवर एक, सपाटीला पन्नासेक पावलांवर. दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडायचा. वर ठेवलेला दगड पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी पायाने निघतो.

प्रत्येक नाली झाली की काका परीक्षा घ्यायचे. माझा भाचा वीस लिटरचा कॅन खांद्यावरून वर आणायचा, आणि पंधरा पावलं वरून पाणी वाटेवर ओतायचा. पाण्यात पळसाचं एक वाळकं पान. आम्ही सगळे नालीपाशी वाकून बघत असायचो. पान येतं, दगडाला लागतं, क्षणभर गोल फिरतं, आणि मग नालीतून बाहेर गेलं तर काम पास. दगडांच्या फटीतून खाली घसरलं तर उकरा आणि पुन्हा बसवा. तिसरी नाली आम्ही चार वेळा बसवली.

टेकडीच्या धारेवर एक जागा अशी होती की पाणी डावीकडे सोडावं की उजवीकडे, दोन्ही चाललं असतं. काकांनी विचारलं, कुठे सोडायचं? बीटगार्ड भिया म्हणाले, डावीकडे सोडलं तर चोरलला जाईल, तिथून नर्मदेत. उजवीकडे सोडलं तर खान नदीकडे, इंदूरकडे. मी इंदूरला जन्मले, शाळेत भूगोल शिकले, आणि आपल्या दक्षिणेच्या टेकड्यांवरून नर्मदेचं आणि गंगेचं खोरं वेगळं होतं हे मला ठाऊकही होतं. पण माझ्या हातातला दगड इकडे ठेवला तर पाणी भडोचच्या बाजूने समुद्राला मिळेल आणि तिकडे ठेवला तर क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असं करत बंगालच्या उपसागरात जाईल, हे त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला जाणवलं. डावीकडे गवत चांगलं होतं म्हणून आम्ही डावीकडे सोडलं.

गवत चांगलं होतं म्हणून. खरं उत्तर तिथेच होतं, आणि आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बघितलं तर धारेवरच्या नाल्या उत्तम चालत होत्या आणि पूर्वेच्या बाजूच्या नाल्यांनी प्रत्येक तोंडापाशी एकेक नवी घळ पाडली होती. पाणी वाटेवरून बरोबर बाहेर जात होतं, पण बाहेर होती नुसती उघडी माती. घाणेरीच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. आम्ही घाणेरी काढली तेव्हा खाली नागडी जमीन राहिली, आणि पावसाचा थेंब थेट तिच्यावर पडला. पहिल्या वर्षीची गुडघाभर घळ अशीच झाली होती: झुडपं कापून आम्ही वरचं छप्पर काढलं होतं आणि खाली सतरंजी नव्हतीच. वाट दुरुस्त करायची तर आधी वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत दुरुस्त करायला हवं होतं.

त्याच वर्षी आणखी एक चूक झाली, आणि तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. मुळातून काढायची पद्धत जमल्यावर आमचा वेग वाढला. एका मोठ्या गटाची मदत मिळाली आणि जूनमध्ये दोन रविवारांत आम्ही ओढ्यापर्यंतचा सगळा उतार साफ केला. पुढच्या रविवारी सकाळी तिथे उभी राहिले तर एकही आवाज नाही. तित्तिर नाहीत, ससा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग येतो आमच्याकडे, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ओढ्याकाठी ऐकू येते. ती पलीकडच्या, न कापलेल्या बाजूने येत होती. बीटगार्ड भियांनी तिथे नेऊन लांबून घरटं दाखवलं. काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, बाजूने दार, घाणेरीच्याच जाळीत जमिनीजवळ. इथली करवंदाची, बोरीची, मुरुडशेंगेची झुडपं केव्हाच गेलेली. पक्ष्यांना आडोसा म्हणून उरली होती ती घाणेरीच. आम्ही वाईट झाड काढताना कुणाचं तरी घर काढत होतो, आणि नेमकं विणीच्या दिवसांत.

तेव्हापासून नियम केला. एका वर्षात उताराचा एक पट्टा, मग एक पट्टा तसाच ठेवायचा. जून ते सप्टेंबर ओढ्याकाठी हत्यार नाही. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात देशी झुडपांनी कमरेएवढी उंची घेतली की मगच शेजारचा पट्टा घ्यायचा. काम फार हळू होतं. वेग वाढवा असं सुचवणाऱ्यांना मी त्या घरट्यापर्यंत नेते. ते आता रिकामं आहे, पण जागा तीच आहे.

गवताचं बी विकत घेतलं नाही. उत्तरेच्या अंगावर जे शाबूत होतं, मारवेल, पवन्या, कुसळी, त्याचंच बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओंब्या सोलून पिशव्यांत भरलं. कुसळीचं बी तुम्ही मोज्यांतून काढलं असेल आणि वैतागला असाल. एकदा ते तळहातावर ठेवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. शेपटीसारखं लांब काळं कूस हळूहळू वळायला लागतं, पीळ उलगडत गोल फिरतं, आणि टोकाशी असलेलं अणकुचीदार बी तळहातात टोचायला लागतं. ओलं झालं, सुकलं, पुन्हा ओलं झालं, असं करत ते स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं बसवतं. माझ्या नातवाने हे तासभर पाहिलं, प्रत्येक बियाला वेगळा थेंब घालून.

बी काळी माती आणि शेणात कालवून गोळ्या केल्या, आणि मेच्या अखेरीस नाल्यांच्या तोंडाशी, घळींच्या काठाने टाकल्या. गावातल्या बायकांशी मात्र आधी बोलावं लागलं. कुसळी कुसं यायच्या आत कापली तर चारा चांगला, नंतर गुरांच्या तोंडात टोचते. त्यांना ती लवकर कापायची असते, आम्हाला बी पडेपर्यंत उभी हवी. त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी वाटेच्या कडेचा पाच-पाच पावलांचा पट्टा बी पडेपर्यंत सोडायचा आणि बाकीचं त्यांनी कापायचं असं ठरलं. ते आजवर एकदाही मोडलेलं नाही.

झाडांबद्दल मी थोडी कठोर झाले आहे. दर जुलैत कुणीतरी वाढदिवसानिमित्त रोपं घेऊन येतं. गुलमोहर, एकदा तर नीलगिरी. गुलमोहर सुंदर आहे, पण तो मादागास्करचा. त्याला बंगल्याच्या फाटकाशी जागा आहे, इथे नाही. त्या जाचक वाटलेल्या अटीचा अर्थ मला अशा वेळी कळला. आता ती अट मीच वाचून दाखवते. आम्ही लावलं ते एवढंच: पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गोळा करून लगेच जागेवर टोचल्या, कारण ते बी फार दिवस टिकत नाही. घळींच्या काठाला मोईच्या झाडाच्या हाताएवढ्या जाड फांद्या पावसाच्या आधी डांबासारख्या रोवल्या. त्यांना तशीच पालवी फुटते आणि मुळं माती धरतात. शॉर्टकट मारायच्या जागी करवंद. धावड्याचं बी खूप गोळा केलं, पण ते बहुतेक पोकळ निघतं. हाताला जेमतेम मूठभर रोपं लागली. ती मी नाव न देता पण ओळखून आहे.

शॉर्टकटचंही सांगायला हवं. वाट जिथे वळसा घेते तिथे माणूस सरळ उतरतो, आणि त्या सरळ उताराची पहिल्या पावसात घळ होते. पाटी लावून काही झालं नाही. वाळलेल्या घाणेरीच्या फांद्या आडव्या टाकल्या, त्या लोकांनी बाजूला सारल्या. मग काकांनी वळणाच्या नेमक्या टोकावर दोन मोठे सपाट दगड बसायला ठेवले, जिथून खाली चोरलच्या बाजूचं जंगल दिसतं. आता लोक वळणापर्यंत येतात, बसतात, आणि वाटेनेच उतरतात. तोवर करवंदाने दुसरी बाजू धरली.

मार्चमधली आग मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला आवडत नाही. उलट्या करून ठेवलेल्या घाणेरीचे ढीग आम्ही वाटेच्या कडेलाच राहू दिले होते, न्यायला सोपे म्हणून. वाळलेली घाणेरी बारुदासारखी पेटते. कुणाची काडी की विडी ते कळलं नाही. बीटगार्ड आणि गावची माणसं झोडपे घेऊन धावली, म्हणून अर्ध्या तासात आटोपलं. धावड्याची चार रोपं गेली. आणि जळालेल्या जागी सगळ्यात आधी हिरवं आलं ते घाणेरीचं, जमिनीत राहून गेलेल्या गाठींतून. आता ढीग लहान करतो, वाटेपासून तीस पावलं आत, एकमेकांपासून लांब. १५ फेब्रुवारीच्या आत वाटेच्या दोन्ही बाजूंची जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, झाडून काढायची, पानसुद्धा ठेवायचं नाही.

परवा, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी गेलो होतो. आदल्या रात्री इतका पाऊस झाला होता की कॉलनीत पाणी साचलं होतं. वर वाट ओली होती, पण वाहत नव्हती. सातव्या नालीत गाळ भरला होता, तो फावड्याने काढून खालच्या बाजूला पसरला. अकराव्या नालीचं तोंड मारवेलीने इतकं झाकलं होतं की ती शोधावी लागली. पाणी गवतात शिरून कुठे जिरत होतं ते दिसतही नव्हतं. नंतर मी बहाव्याच्या झाडाखाली बसले, जिथे बुलबुल हमखास बसतात, आणि हाताने गवत बाजूला करत घाणेरीची रोपं शोधली. चार बोटं उंच, दोन-दोन पानांची, पानं चुरगळली की तोच वास. एकोणीस निघाली. मागच्या वर्षी याच झाडाखाली साठच्या वर होती. पिशवीत भरली, तोंड बांधलं, आणि पुढच्या बोरीखाली गेले.